घराणं नको, बाप आणा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींची एक खिडकी असते, तिच्या आतल्या बाजूला मी बसते. नळाला पाणी नाही, आहे ते गढूळ आहे, गढूळ नाही तर भलत्या वेळी येतं, असं दिवसभर ऐकते. इतकी वर्षं ही खिडकी सांभाळल्यावर समोरचा खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय, हे त्याने तोंड उघडताच मला कळतं. वेळ मारून नेणाऱ्याकडे कारणं भरपूर असतात. खरं बोलणाऱ्याकडे एकच असतं, आणि तेसुद्धा त्याला धड सांगता येत नाही.

आणि तरीही, माझ्या मुलीचा डोळा पणाला लागलेला असताना, माझ्या सासूबाईंनी मला जवळजवळ दोन आठवडे गुंडाळून ठेवलं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

मुलगी आठ आठवडे आधी आली. कुणाला न विचारता, न सांगता. एवढीशी, तळहातावर मावेल अशी, पण आवाज असा की शेजारच्या पेट्यांमधली बाळं दचकून जागी व्हायची. काचेच्या पेटीत दोन्ही मुठी वर करून ती सगळ्या विभागाला फैलावर घ्यायची. नर्सेस तिला बाईसाहेब म्हणायला लागल्या, मग आम्हीही म्हणायला लागलो. श्वास नीट घेऊ लागली, वजन वाढू लागलं, आम्ही सुटलो असं वाटलं. मग डोळे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या.

या बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात. डोक्यावर पट्ट्याने बांधलेला दिवा, हातात एक भिंग, आणि बोलणं असं, जणू समोरच्याने आधीच काहीतरी चूक केलेली आहे. बाईसाहेबांना दुपट्यात घट्ट गुंडाळून, पापण्या उघड्या ठेवायला बारीकशी तार लावून, त्यांनी एकेक डोळा पाहिला. बाईसाहेबांनी छत डोक्यावर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी ढिम्म लक्ष दिलं नाही. मला तेवढ्यावरूनच त्या आवडल्या.

"डोळ्याच्या आत मागे पडदा असतो," त्या आम्हाला म्हणाल्या. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. "त्यावर रक्तवाहिन्यांची जाळी मधून काठाकडे पसरत जाते. नऊ महिने भरले की ती काठापर्यंत पोचते. बाळ आधी आलं की जाळी अर्ध्यात राहते. मग कधीकधी तिथून वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडद्याला ओढतात."

"म्हणजे कापडाला काठाची शिलाईच नाही, म्हणून दशा निघतायत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी उभा जन्म शिवणाचे वर्ग चालवले. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना कापडावर आणून ठेवल्याशिवाय समजत नाही.

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी उजव्या डोळ्याला लेझर केलं. म्हणजे दशा जिथून निघतात तो काठ भाजून टाकला. बहुतेक बाळांचं एवढ्यावर भागतं, असं त्यांनी सांगितलं. आमचं भागलं नाही.

पुढच्या तपासणीला त्यांनी दिवा डोक्यावरून काढला आणि मला समोर बसवलं.

"उजवा अजून ओढतोय. तिथे बरंच नुकसान झालंय, थोडंफार दिसेल, जास्त नाही. आता मला डावा वाचवायचाय. तो आत्ता काठावर आहे, इकडे की तिकडे सांगता येत नाही."

"मग डाव्यालाही लेझर करा ना."

"भाजलेला भाग कायमचा जातो. तो डोळा आपोआप बरा होणार असेल तर मी उगाच का जाळू? बरेचदा होतो तो. पण मला एक गोष्ट खटकतेय. हिच्यापेक्षा कितीतरी आधी जन्मलेली, कितीतरी लहान बाळं इथून चांगले डोळे घेऊन घरी जातात. हिचं इतकं बिघडायला नको होतं." त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केली. "काही मुलांना जन्मतःच धोका जास्त असतो. जीन्समुळे. त्यातले बरेचसे जीन्स धोका थोडासा वाढवतात, त्यांचं मी आज काही करू शकत नाही. पण एक आजार घराण्यातून उतरतो आणि तो थेट असाच दिसतो. मोठ्या माणसाला तो असतो आणि त्याला पत्ताही नसतो. एका डोळ्याने जरा कमी दिसतं, एवढंच. तो आईच्या किंवा बापाच्या डोळ्यात सापडला, तर मी थांबणार नाही. डावा लगेच करेन. नाही सापडला, तर थांबून बघेन. म्हणून तुम्हा दोघांचे डोळे बघायचेत. रक्तही पाठवायचंय, पण त्याचं उत्तर यायला महिने लागतील. डोळे येत्या आठ-दहा दिवसांत."

मी दुसऱ्याच दिवशी थेंब घालून डोळे दाखवले. स्वच्छ निघाले. घरी आले तर सासूबाई म्हणतात, "नीट बघितले ना? तुझ्या मामाला तर हे एवढ्या जाड भिंगांचा चष्मा आहे."

"आई, मामाचा चष्मा मामाकडे. आता तुमच्या मुलाची पाळी."

माझा नवरा स्पीकर दुरुस्त करतो. नुसत्या कानाने. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाच्या पावलांवरून तो जिन्याची कुठली पायरी सैल झाली ते सांगेल. पण हाच माणूस चहा ओतायला लागला की अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर. दाराच्या चौकटीला उजवा खांदा थडकल्याशिवाय तो खोलीत येत नाही. लग्न झाल्यापासून मी त्याला धांदरट म्हणत आले. त्या दिवशी डॉक्टरीणबाई "एका डोळ्याने जरा कमी" म्हणाल्या आणि मला तो ओट्यावरचा चहा दिसायला लागला. मला त्याचे डोळे तपासून हवे होते, आणि आत्ताच्या आत्ता हवे होते.

ठरलेल्या दिवशी सकाळी सासूबाईंना चक्कर आली. चप्पल घालून आम्ही दारात उभे, आणि या एकदम खुर्चीत कोसळल्या. नवरा त्यांना घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावला. रक्तदाब ठणठणीत, साखर ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "या वयात इतकी तब्येत असलेलं माणूस मी पाहिलं नाही." तोवर डोळ्यांची वेळ निघून गेली होती.

"काळजीने होतं असं," नवरा म्हणाला.

"काळजी मला नाहीये?" मी म्हणाले. "मला का येत नाही चक्कर?"

तो चप्पल काढून आत गेला. तो कधीच काही बोलत नाही. आईकडून एक आवाज आणि माझ्याकडून दुसरा आला की हा मधल्यामध्ये आवाज बारीक करून बसतो.

दोन दिवसांनी मी बाईसाहेबांना पाजून बाहेर आले तर डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर आमचं अख्खं घराणं. मोठे काका, काकू, दोन चुलत दीर, आत्या, आत्याचे यजमान, आणि सगळ्यात पुढे सासूबाई. भाड्याची गाडी करून आणलेलं. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घालून झालेले, सगळ्यांच्या बाहुल्या घुबडासारख्या मोठ्या. काका वर्तमानपत्र उलटं धरून वाचायची खटपट करत होते. आत्याने मला नर्स समजून पाणी मागितलं. एक दीर प्रसाधनगृह समजून औषधांच्या खोलीत शिरला, त्याला हाताला धरून बाहेर आणावं लागलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या.

"हे काय आहे?"

"आमचं घराणं," सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या. "एकेकाचे डोळे बघून घ्या. आमच्यात असलं काही नाही, तुमची खात्री होईल."

"मला घराणं नको, बाप आणा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "बाप कुठंय?"

बाप दुकानात होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ज्याने केली त्याला माझ्या सासूबाई भेटल्या असणार.

थेंब घातलेलेच होते म्हणून डॉक्टरीणबाईंनी दातओठ खात सातही जणांचे डोळे पाहिले. सगळे स्वच्छ. सासूबाईंचे तर इतके चांगले की त्यांनाही म्हणावं लागलं, "आजी, या वयात असे पडदे मला फार क्वचित बघायला मिळतात." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खटला हरले आहे. मग तिथली मदतनीस म्हणाली, आलाच आहात तर थोडं रक्तही देऊन ठेवा. काकांनी बाही सरसावली. सासूबाई ताडकन उठल्या.

"सुईबिई नको मला. भीती वाटते. चला हो सगळे."

त्यांच्या बोटांना इतक्या सुया टोचल्या आहेत की टोकं निबर झालीत. तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण मी इतकी वैतागले होते की त्यांच्या तऱ्हेवाईकपणात आणखी एक जमा केली आणि सोडून दिलं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "झालं ना सगळं? आई म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरातल्या मोठ्यांचे बघितले की पुरे. आता माझी गरज नाही."

मी हातातला घास खाली ठेवला. सासूबाई भात चिवडत होत्या, मान वर केली नाही.

"त्या म्हणाल्या घराणं नको, बाप आणा. अख्ख्या मजल्याने ऐकलं ते. उद्या सकाळी तू माझ्याबरोबर येतोयस."

"येतो," तो म्हणाला. आणि मग हळूच, "पण माझ्यात निघालं तर?"

"तर डावा डोळा वाचेल!"

त्याचा चेहरा पाहून मला जरा वाईट वाटलं. आपल्यामुळे आपल्या मुलीचा एक डोळा गेला, हे कुठल्या बापाला ऐकायचं असतं? पण मला तेव्हा वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती.

सकाळी मी आंघोळीहून बाहेर आले तर हा घरात नाही. फोन केला. मागे कसलातरी स्पीकर खरखरत होता.

"अगं, आईने सांगितलं ना, तू वेळ पुढच्या आठवड्यावर ढकललीस म्हणून. मी लांब आलोय कामाला, दुपारपर्यंत येईन."

मी फोन ठेवला आणि तो लगेच परत वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. "डावा आज सकाळी पाहिला. कालच्यापेक्षा किंचित बिघडलाय. मला आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. तुमच्या घरात नक्की चाललंय तरी काय?"

मला तरी कुठे ठाऊक होतं!

सासूबाई आतल्या खोलीत मशीनवर बसून बाईसाहेबांचं झबलं शिवत होत्या. पावलाखाली मशीन घरघरत होतं.

"आई, मशीन थांबवा."

"एवढी बाही लावते."

"मशीन थांबवा म्हणते मी!"

मशीन थांबलं.

"मी वेळ पुढे ढकलली, असं तुम्ही त्याला सांगितलंत?"

त्यांनी सुईखालचं झबलं ओढून मांडीवर घेतलं.

"त्या दिवशी चक्कर आली नव्हती. खरं ना? आणि ती सहा माणसं नेलीत, ती काय वरात होती? डॉक्टरीणबाईंच्या तोंडची खोटी वाक्यं सांगितलीत त्याला. तुमच्या घराण्याला बोल लागू नये म्हणून माझी मुलगी आंधळी झालेली चालेल तुम्हाला?"

घराण्याचं नाव काढल्यावर त्या उसळतील असं मला वाटलं. एरवी त्या विषयावर त्या दमेपर्यंत बोलतात. त्या उसळल्या नाहीत. झबल्याची बाही बोटांनी सरळ करत राहिल्या.

"रक्त तपासलं की सगळं कळतं ना गं?" त्या म्हणाल्या.

"सगळं म्हणजे?"

"कोण कुणाचं, ते."

मला काही उमगेना.

"माझ्या पोटचा नाही तो," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं बदलीच्या गावी होतो. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नव्हतं. तिथल्या अनाथालयातून आणला. मान धरत नव्हता अजून. परत आलो ते सांगितलं की तिकडेच झाला. तुझ्या सासऱ्यांनी मरेपर्यंत कुणाला कळू दिलं नाही, मीही दिलं नाही. काकांना माहीत नाही, आत्याला नाही. त्याला नाही. आता त्या बाईंनी दिवा लावून आत बघितलं, किंवा रक्त काढलं, की त्यांना कळेल. मग त्या त्याच्यासमोर बोलतील."

खरं कारण. एकच होतं, आणि तेही त्यांना धड सांगता येत नव्हतं.

मला गहिवरून वगैरे आलं नाही, हे आधीच सांगते. मला संताप आला.

"म्हणजे त्या सहा माणसांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही?"

"नाही."

"तुमचाही नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मी गिळून टाकायला हवं होतं, पण सुटलं होतं.

"अहो आई," मी म्हणाले, "डोळ्याच्या आत पडदा असतो, जन्मदाखला नसतो! दिवा लावून आई कोण ते कळत नाही कुणाला. आणि रक्त मागतायत ते त्याचं, माझं आणि बाईसाहेबांचं. तुमचं मागितलंय कुणी? तुम्हीच घराणं गोळा करून घेऊन गेलात! नुसतं गप्प बसला असतात तर कुणाला काही कळलं नसतं. मला विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं!"

"कसं विचारणार होते?"

हे ऐकून मी आणखी चिडले.

"त्याला सांगशील?"

"मला आत्ता त्याचे डोळे हवेत. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मी नवऱ्याला फोन करून, ओरडून, काम टाकून थेट हॉस्पिटलात यायला सांगितलं. पर्स उचलून निघाले तर सासूबाई चप्पल घालून मागे हजर.

"आता तुम्ही कशाला?"

"त्याला थेंब झोंबतात. लहानपणापासून त्याला डोळ्यात काही घातलेलं सहन होत नाही."

कपाळावर हात मारून घ्यायलाही मला वेळ नव्हता.

डोळ्यांच्या खोलीत अंधार केला होता. नवरा खुर्चीत मागे रेलून बसला, डॉक्टरीणबाई दिवा लावून त्याच्यावर वाकल्या. डावा डोळा पटकन पाहून झाला. उजव्याशी त्या थांबल्या. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. परत वर बघा. मग नुसतं "हं."

"उजव्या डोळ्याने कमी दिसतं तुम्हाला?"

"नाही हो. जरा धूसर. पण ते सगळ्यांचंच तसं असतं ना?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचं नसतं."

"मला वाटायचं असतं," तो म्हणाला.

त्याच्या उजव्या डोळ्यातही काठ रिकामा होता आणि पडदा एका बाजूला ओढलेला. डाव्या डोळ्याचाही काठ थोडा रिकामा, पण तो शांत होता. बाईसाहेबांचंच चित्र, मोठं झालेलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला, खोलीतले दिवे लावले आणि फोन उचलून शस्त्रक्रियेची खोली मागितली. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी त्या अशा भांडल्या की तासाभरात बाईसाहेबांना आत नेलं.

आम्ही तिघं बाहेर बाकावर. मी मध्ये बसले. नवऱ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे तो उजेडाला डोळे मिटून होता, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाला, "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही काही," सासूबाई मला ओलांडून म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणाल्या ना आत्ता."

"त्यांना काय कळतंय!"

"आई," मी म्हणाले, "त्यांनाच कळतंय. जरा गप्प बसा."

त्या गप्प बसल्या. तेवढा वेळ त्या कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. डावा डोळा झाला. वेळेत झाला, आणखी उशीर करून चाललं नसतं, असं म्हणताना त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. काही आठवडे लक्ष ठेवायचं, आणि नंतर जन्मभर वर्षातून एकदोनदा तपासायचं. पण या डोळ्याने ती वाचेल, लिहील, रस्ता ओलांडेल, असा त्यांचा अंदाज होता. मी भिंतीला टेकले.

मग त्यांनी आम्हाला टेबलाशी बसवलं आणि एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढायला घेतले. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. खाली बाईसाहेब, वर मी आणि नवरा. नवऱ्याच्या चौकोनावरून त्यांनी दोन रेघा वर नेल्या आणि तिथे पेन थांबलं.

"बापाकडून आलंय हे नक्की. बापाला कुणाकडून आलं ते बघते, म्हणजे आणखी कुणाची मुलंबाळं तपासायला हवीत ते कळेल. पण आजी, तुमचे डोळे मी पाहिलेत. आजोबांच्या भावाबहिणीचेही पाहिलेत. सगळे स्वच्छ." त्यांनी डोकं खाजवलं. "असू दे. कधीकधी असं होतं. बदल त्या मुलातच नव्याने होतो. आला कुठूनच नाही. तसंच लिहिते, कुणाकडूनच नाही."

मी मोठा श्वास सोडला. सुटलो. सासूबाईंनी दोन आठवडे जो डोंगर पोखरला होता, त्याला डॉक्टरीणबाईंनी आयता बोगदा काढून दिला होता. नुसतं "हो" म्हणायचं आणि घरी जायचं. आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या,

"कुणाकडूनच नाही, असं कसं?"

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"त्याला कुणीच नसल्यासारखं काय लिहिता?" त्यांचा आवाज चढला. "माझ्याकडून आलंय. लिहा. आईकडून."

"आजी, तुमच्या डोळ्यांत काही नाही."

"तुम्हाला त्या दिवशी दिसलं नसेल. घाईत होतात, सात माणसं होती. परत बघा." आणि त्या उठून तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसल्या, मान मागे टाकून, स्वतःच्या बोटांनी पापणी ओढून धरून. "घाला थेंब."

दोन आठवडे घराण्याला डाग नको म्हणून जिवाचं रान करणारी ही बाई आता तो डाग मागून घेत होती. मला त्यांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं आणि माझ्याच्याने जागचं हलवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब न घालताच दिवा लावला. बहुधा वाद मिटवायला. वाकल्या, पाहिलं, आणि कंटाळून म्हणाल्या, "नाही हो आजी. काहीसुद्धा नाही. आणि रडू नका, मला आतलं दिसत नाही."

"नीट बघा ना," सासूबाई म्हणाल्या. "काठाला बघा. थोडंसं असेल."

नवरा उठला. उजेडाने त्याचे डोळे अजून मिचमिचत होते. टेबलाचा कोपरा चुकवता चुकवता त्याच्यावर आदळला आणि त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, लिहा तिच्याकडून."

"अहो, पण ते खरं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "लहान होतो तेव्हापासून माहीत आहे. आमच्या घरातल्या भिंतींतून सगळं ऐकू येतं." त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तरी तिच्याकडूनच लिहा. दुसऱ्या कुणाला मी ओळखत नाही."

सासूबाईंनी पापणीवरचं बोट काढलं. बराच वेळ त्या त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, त्या फार क्वचित बघायला मिळणाऱ्या डोळ्यांनी. मग पदराने नाक पुसलं आणि डॉक्टरीणबाईंकडे वळल्या.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग लिहा की. हात का थांबलाय?"